खाज पापणीत, इजा बुबुळावर: डोळ्यांची जुनाट ॲलर्जी आणि कॉर्निया

होळीच्या सुमारास ऊन तापू लागले की काही घरांत एक ओळखीचा प्रकार सुरू होतो. पाच-सहा वर्षांचा मुलगा दिवसभर डोळे चोळतो, संध्याकाळपर्यंत ते लाल होतात, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात आणि कोपऱ्यातले चिपड पुसायला गेले तर ते दोऱ्यासारखे लांबत जाते. घरातले म्हणतात, उष्णता बाधली असेल. शेजारी म्हणतात, डोळे आले असतील. मेडिकलमधून ड्रॉप्सची एक बाटली येते, दोन दिवसांत डोळे पांढरे होतात, आणि पुढच्या महिन्यात तीच बाटली पुन्हा आणली जाते. या आजाराचे वैद्यकीय नाव व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस असे लांबलचक आहे आणि डॉक्टर त्याला थोडक्यात व्हीकेसी म्हणतात. नावातला ‘कंजंक्टिव्हा’ हा भाग पापणीच्या आतल्या आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणासाठी आहे, तर ‘केराटो’ हा भाग कॉर्नियासाठी, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक घुमटासाठी आहे. खाज सुटते ती पहिल्या भागात. नजर जाते ती दुसऱ्या भागामुळे. उपचार मात्र बहुतेक वेळा खाजेपुरतेच होतात, म्हणून हा लेख त्या दुसऱ्या भागाविषयी आहे.

‘व्हर्नल’ म्हणजे वसंत ऋतूतला. युरोपात हा त्रास वसंतात उसळतो म्हणून हे नाव पडले, पण उष्ण आणि कोरड्या प्रदेशांत त्याने ऋतूचे बंधन फारसे पाळलेले दिसत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने ४६८ रुग्णांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध केली, तीत एक तृतीयांशाहून थोड्या अधिक रुग्णांना हा त्रास वर्षभर होता. आजार बहुधा वयाच्या दहाव्या वर्षाआधी सुरू होतो, मुलींपेक्षा मुलांमध्ये कितीतरी जास्त आढळतो आणि वयात आल्यानंतर बहुतेकांमध्ये ओसरतो. तो संसर्गजन्य नाही. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची जी साथ आली होती ती विषाणूची होती आणि ती आठवडा-दोन आठवड्यांत निवळत असे. व्हीकेसी असलेल्या मुलाचे लाल डोळे पाहून त्याला शाळेतून घरी पाठवण्यात काही अर्थ नाही.

धूळ, परागकण किंवा घरातल्या मांजरामुळे डोळ्यांना अधूनमधून खाज सुटते, पाणी येते आणि दोन तासांत सगळे शांत होते, ही साधी ॲलर्जी कॉर्नियाला सहसा हात लावत नाही. कॉर्नियाला खरा धोका दोन प्रकारांत असतो. एक म्हणजे मुलांमधील व्हीकेसी आणि दुसरा म्हणजे अंगावर इसब असलेल्या मोठ्या माणसांमध्ये दिसणारा ॲटोपिक केराटोकंजंक्टिव्हायटिस. दोन्ही आजार वर्षानुवर्षे चालतात आणि दोन्हींत ॲलर्जीची प्रतिक्रिया शिंकेसारखी येऊन जात नाही. ती पापणीच्या आत मुक्काम ठोकते.

कॉर्निया म्हणजे नेमके काय, हे इथे स्पष्ट करायला हवे. आपण ज्याला बुबुळ म्हणतो त्या काळ्या-तपकिरी वर्तुळाच्या पुढे, मनगटी घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक घुमट असतो, तो कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, कारण रक्तवाहिन्या असत्या तर तो पारदर्शक राहिला नसता; मज्जातंतू मात्र इतके दाट असतात की धुळीचा एक कणही सहन होत नाही. सर्वांत वरचे आवरण पाच ते सात पेशींइतके जाड असते आणि ते आठवडा-दहा दिवसांत नव्याने तयार होत राहते, म्हणून वरवरचा ओरखडा मागे काहीही न ठेवता भरून येतो. इजा या आवरणाखालच्या थरांपर्यंत पोहोचली की भरून येताना तिथे व्रणाचा पांढरट डाग उरतो. आपल्याकडे जुनी माणसे त्याला ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणत. डाग बुबुळाच्या कडेला असेल तर नजरेला फारशी बाधा येत नाही, पण तो बाहुलीसमोर पडला तर त्या डोळ्याला आयुष्यभर गढूळ काचेतून पाहावे लागते.

आता पापणीकडे वळू. व्हीकेसी झालेल्या मुलाची वरची पापणी उलटून पाहिली तर आतली बाजू, जी एरवी गुलाबी आणि गुळगुळीत असते, ती सीताफळाच्या सालीसारखी उंचसखल झालेली दिसते. पाठ्यपुस्तकांत तिला दगडी फरसबंदीची उपमा दिलेली असते, परंतु सीताफळ पाहिलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येईल. एकेक फुगवटा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही मोठा असतो. डोळे मिटताना आणि उघडताना ही खडबडीत पापणी कॉर्नियाच्या वरच्या भागावरून दर मिनिटाला अनेकदा घासली जाते, आणि अनेक वर्षे नेत्रतज्ज्ञांना वाटत होते की कॉर्नियाची इजा प्रामुख्याने या घासण्यामुळेच होते.

ते अर्धेच खरे आहे. त्या फुगवट्यांच्या आत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. या पेशी मुळात जंतांसारख्या परजीवींना मारण्यासाठी असतात आणि त्यासाठी त्यांच्याजवळ अत्यंत जहाल प्रथिने साठवलेली असतात. ॲलर्जीमध्ये शरीर चुकीच्या शत्रूवर हल्ला करते. इथे मारायला परजीवी नसतो, तरीही ही प्रथिने अश्रूंत सोडली जातात आणि समोर असलेल्या कॉर्नियाच्या वरच्या आवरणाला ती थेट विषासारखी बाधतात. ती पेशी मारतात आणि जखम भरून येण्यातही अडथळा आणतात. म्हणजे सीताफळाच्या सालीने घासणे आणि त्याच वेळी त्या घासलेल्या जागी विष लावणे, असे दुहेरी काम चाललेले असते. केवळ खाजेवरचे साधे ॲलर्जीविरोधी ड्रॉप्स तीव्र व्हीकेसीत का पुरे पडत नाहीत, याचे उत्तर इथे आहे: ते प्रामुख्याने खाज आणणाऱ्या हिस्टामिन या रसायनाला आणि ते सोडणाऱ्या मास्ट पेशींना आवर घालतात, तर कॉर्नियाची नासधूस इओसिनोफिलच्या फळीकडून होत असते.

इजा पायरीपायरीने वाढते. सुरुवातीला कॉर्नियाच्या वरच्या भागावर सुईच्या टोकाएवढे असंख्य ठिपके उमटतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत; डॉक्टर फ्लुरेसिनची केशरी पट्टी पापणीला लावतात आणि निळ्या प्रकाशात पाहतात, तेव्हा आवरण उडालेली प्रत्येक जागा हिरवी चमकते. या अवस्थेत उपचार झाले तर काही दिवसांत सगळे पूर्ववत होते. उपचार झाले नाहीत तर ठिपके एकमेकांत मिसळतात आणि एक मोठी सोललेली जागा तयार होते. तीही भरून आली नाही, तर कॉर्नियाच्या वरच्या एक तृतीयांश भागात आडवा, लांबट-गोल, ढालीच्या आकाराचा व्रण होतो. इंग्रजीत त्याला शील्ड अल्सर म्हणतात. आपण त्याला ढालव्रण म्हणू. निरनिराळ्या अभ्यासांत व्हीकेसीच्या साधारण ३ ते ११ टक्के रुग्णांत तो आढळलेला आहे.

ढालव्रणाच्या पुढे काय होईल हे बऱ्याच अंशी त्याच्या तळावर अवलंबून असते. सौदी अरेबियातील रियाध येथे काम करणाऱ्या कॅमेरॉन या नेत्रतज्ज्ञांनी १९९५ साली या व्रणांच्या तीन पायऱ्या मांडल्या आणि त्या आजही वापरल्या जातात. पहिल्या पायरीवर व्रणाचा तळ स्वच्छ असतो, आणि असा व्रण औषधांनी भरतो. दुसऱ्या पायरीवर तळाशी दाहातून निघालेला गाळ साचतो. तो भरायला वेळ लागतो आणि मध्येच जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. तिसऱ्या पायरीवर हा गाळ घट्ट होऊन त्याची उंचवट्यासारखी पांढरी खपली बनते, जिच्यात तीच जहाल प्रथिने भरलेली असतात. कडेने येणारी नवी पेशीत्वचा या खपलीवर चढू शकत नाही, आणि वरून घातलेले औषध तिच्या खालपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी थेंब बदलत बसण्यात आठवडे घालवण्यापेक्षा भूल देऊन ती खपली खरवडून काढणे हाच योग्य मार्ग असतो; गरज पडल्यास त्या जागी गर्भाभोवतीच्या आवरणाचा, म्हणजे ॲम्निऑटिक मेम्ब्रेनचा, तुकडा लावतात, ज्याच्या आधाराने जखम भरते. शस्त्रक्रियेचे नाव ऐकून पालक घाबरतात, हे समजण्यासारखे आहे, परंतु लहान मुलाच्या बाबतीत उशीर अधिक महाग पडतो. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू पाहायला शिकत असतो; त्या काळात एक डोळा महिनोन्महिने धूसर राहिला तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि पुढे कॉर्निया स्वच्छ झाला तरी तो डोळा आळशी राहतो.

कॉर्नियावर काही घडू लागले आहे हे घरच्यांना कसे कळावे? मुलाचे वागणे बदलते, हे सर्वांत भरवशाचे चिन्ह आहे. आतापर्यंत डोळे चोळणारा मुलगा डोळे उघडेनासा होतो. उन्हात न्यायला लागले की तो मान खाली घालतो, खोलीतला दिवा लावला की उशीत तोंड खुपसतो, ‘खाजतंय’ म्हणायचे सोडून ‘दुखतंय’, ‘टोचतंय’ म्हणू लागतो. सकाळी हा त्रास सर्वाधिक असतो, आणि शाळेत न जाण्यासाठी तो ढोंग करत आहे असे समजून त्याला रागावले जाते, याचे फार वाईट वाटते. खाज हे ॲलर्जीचे लक्षण आहे, पण दुखणे आणि उजेड सहन न होणे ही कॉर्नियाची भाषा आहे. ती ऐकू आली की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे, पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. अशा डोळ्यात गुलाबपाणी, मध, आईचे दूध किंवा तुरटीचे पाणी घालणे धोक्याचे आहे, कारण आवरण उडालेल्या कॉर्नियाला जंतूंविरुद्ध कोणतेही कुंपण उरलेले नसते.

दुसरे मोठे संकट हळूहळू, आवाज न करता येते. बोटांच्या सांध्यांनी डोळे जोरजोराने चोळण्याची सवय वर्षानुवर्षे राहिली तर कॉर्नियाचा घुमट मधोमध किंवा थोडा खाली पातळ होत जातो आणि पुढे सुळक्यासारखा निघतो. याला केराटोकोनस म्हणतात. चोळणे हे त्याचे एकमेव कारण नाही, घराण्यातून येणारी प्रवृत्तीही असते, परंतु ॲलर्जी असलेल्या मुलांमध्ये तो लहान वयात सुरू होतो आणि वेगाने वाढतो. त्याचा पहिला इशारा चष्म्याच्या कागदावर मिळतो: दर सहा महिन्यांनी सिलिंडरचा नंबर वाढतो, त्याचा अक्ष बदलतो, आणि नवा चष्मा लावूनही फळ्यावरची अक्षरे पुरती स्पष्ट होत नाहीत. असे झाले की कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या उंचसखलपणाचा रंगीत नकाशा, काढून घ्यायलाच हवा. तो काढताना दुखत नाही आणि काही मिनिटांत होतो.

केराटोकोनस वाढत असल्याचे दिसले तर आपल्याकडे सी-थ्री-आर या नावाने ओळखला जाणारा उपचार करतात. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील डॉक्टरांनी २००३ साली त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, कॉर्नियात मुरवतात आणि त्यावर ठरावीक वेळ अतिनील किरण सोडतात, त्यामुळे कॉर्नियातील तंतूंमध्ये नवे सांधे तयार होऊन तो कडक होतो. या उपचाराने बहुतेकांमध्ये वाढ थांबते. गेलेला आकार पूर्णपणे परत येत नाही, म्हणून तो लवकर करण्याला महत्त्व आहे. मूळ पद्धतीत कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन, म्हणजे ०.४ मिलिमीटर, जाड असावा लागतो, तो त्याहून पातळ झाला की पर्याय कमी होतात. शिवाय ॲलर्जी धुमसत असताना ही प्रक्रिया केली तर वरचे आवरण भरायला उशीर लागतो, आणि नंतरही चोळणे चालू राहिले तर मिळवलेले पुन्हा गमावले जाऊ शकते. म्हणून आधी डोळा शांत करावा लागतो.

काही वेळा सुळका इतका ताणला जातो की कॉर्नियाचा सर्वांत आतला पडदा फाटतो आणि डोळ्यातील पाणी कॉर्नियात शिरते. काल बरा असलेला डोळा आज अचानक पांढराफटक आणि दुखरा होतो. याला हायड्रॉप्स म्हणतात. सूज काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरते, पण मागे डाग राहतो आणि पुष्कळदा शेवटी कॉर्नियाचे रोपण करावे लागते.

कॉर्निया आणि पांढरा भाग यांच्या सीमेवरील कडा, जिला लिंबस म्हणतात, तिच्याबद्दल सर्वसाधारण वाचकाला क्वचितच काही सांगितले जाते. कॉर्नियाच्या वरच्या आवरणाला आयुष्यभर नव्या पेशी पुरवणाऱ्या मूळपेशी या कडेत राहतात. व्हीकेसीमध्ये ही कडा जाड आणि गढूळ होते आणि तिच्यावर खडूच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात, ज्यांना हॉर्नर आणि ट्रांटास या दोन नेत्रतज्ज्ञांची नावे आहेत. ते ठिपके म्हणजे मृत पेशी आणि इओसिनोफिल यांचे पुंजके असतात. ठिपके येतात आणि जातात, त्यांचे भय नाही. भय याचे आहे की कडेचा दाह अनेक वर्षे राहिला तर मूळपेशी संपत जातात. मग कॉर्नियाला नवे आवरण मिळेनासे होते आणि बाजूचा कंजंक्टिव्हा आपल्या रक्तवाहिन्यांसह कॉर्नियावर सरकू लागतो. अशा डोळ्यात नुसते कॉर्नियाचे रोपण टिकत नाही, कारण नव्या कॉर्नियालाही आवरण पुरवणारे कोणी नसते. एका डोळ्याच्या मूळपेशी शाबूत असतील तर तिथला कडेचा लहानसा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून ते आजारी डोळ्यावर पेरण्याची पद्धत हैदराबादच्याच डॉक्टरांनी २०१२ साली जगासमोर मांडली, आणि भाजल्यामुळे एक डोळा गेलेल्या अनेकांना तिचा उपयोग झाला आहे. ॲलर्जीत मात्र बहुधा दोन्ही डोळे बाधित असतात, त्यामुळे तुकडा घ्यायचा कुठून, हाच प्रश्न राहतो.

मोठ्या माणसांतील ॲटोपिक प्रकार कमी आढळतो, पण तो अधिक चिवट असतो. कोपर आणि गुडघ्यांच्या खाचांत, मानेवर, पापण्यांवर इसब असलेल्या व्यक्तीचे डोळे वर्षभर चुरचुरत असतील तर तो मनात यायला हवा. यात पापणीच्या कडा जाड होतात, खालच्या पापणीच्या आत व्रणांची वीण पडते, अश्रू कमी होतात, आणि हर्पीस विषाणूचा कॉर्नियावर हल्ला होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. वय वाढले की हा आजार व्हीकेसीसारखा आपोआप ओसरेल, अशी आशा धरता येत नाही.

औषधांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरुवातीला आलेल्या त्या बाटलीची आहे. दोन दिवसांत डोळे पांढरे करणाऱ्या बाटलीत पुष्कळदा स्टेरॉइड असते: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, कधी एखाद्या प्रतिजैविकासोबत. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. ढालव्रण होऊ घातला असताना दाह मोडून काढणारे त्याच्याइतके जलद दुसरे काही नाही, आणि डॉक्टर ते ठरावीक दिवस देऊन, हळूहळू कमी करून थांबवतात. कायद्याप्रमाणे ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरीही ते मागितले की मिळते, आणि मूल शांत झोपले या समाधानात महिनोन्महिने घातले जाते. या काळात काहींच्या डोळ्यांतील दाब वाढतो, दुखत मात्र काहीच नाही, आणि दृष्टीचा मज्जातंतू वाळत जाऊन काचबिंदू होतो, ज्यात गेलेली नजर परत येत नाही. काहींना दहा-बारा वर्षांचे असतानाच मोतीबिंदू होतो. कॉर्नियावर आधीच जखम असेल तर बुरशीच्या संसर्गाला स्टेरॉइड मोकळे रान देते. ॲलर्जीतून डोळा वाचला आणि औषधाने गेला, अशी मुले प्रत्येक मोठ्या नेत्ररुग्णालयात आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा तोटा टाळता येण्यासारखा होता.

स्टेरॉइडवरचे अवलंबन कमी करण्यासाठी आज दोन चांगली औषधे आहेत, सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस. दोन्ही मूळची अवयव रोपणातली. टॅक्रोलिमस १९८४ साली जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून वेगळे काढले गेले. आपल्याकडे त्याचे ०.०३ टक्क्यांचे मलम डोळ्यात घालण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ही औषधे दाह चालवणाऱ्या लिम्फोसाइट पेशींनाच आवरतात आणि डोळ्याचा दाब वाढवत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस त्यांनी आग होते आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून ‘याने काही फरक पडत नाही’ असे म्हणून ती अर्ध्यावर सोडली जातात. डॉक्टरांनी हे आधीच सांगितले आणि घरच्यांनी धीर धरला, तर स्टेरॉइडची बाटली कपाटातून कायमची जाऊ शकते.

घरी करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. खाज सुटली की स्वच्छ कापडात बर्फ गुंडाळून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावा. थंडाव्याने खाज खरोखर कमी होते आणि हातांना दुसरे काम मिळते. खेळून आल्यावर चेहरा आणि हात धुवावेत, उन्हात टोपी आणि गॉगल वापरावा, आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत, कारण काही प्रिझर्व्हेटिव्ह आधीच जखमी असलेल्या आवरणाला आणखी दुखवतात. ॲलर्जीच्या महागड्या चाचण्यांमागे लागण्याआधी हे लक्षात घ्यावे की व्हीकेसीच्या पुष्कळ रुग्णांत त्या चाचण्यांतून कोणताही एक दोषी पदार्थ सापडत नाही.

सोळाव्या-सतराव्या वर्षाच्या सुमारास खाज बहुतेकांची थांबते आणि घरचे निर्धास्त होतात. केराटोकोनस मात्र त्यानंतरही विशी-तिशीपर्यंत वाढू शकतो, आणि स्टेरॉइडने वाढलेला दाब औषध थांबवल्यावरही काहींमध्ये उतरत नाही. त्यामुळे खाज गेल्यावरही काही वर्षे, वर्षातून एकदा तरी, दाब आणि टोपोग्राफी तपासून घ्यावी. जुने नकाशे, दाबाच्या नोंदी, चष्म्याचे बदललेले नंबर आणि आजवर वापरलेल्या सगळ्या ड्रॉप्सची नावे एका फायलीत ठेवलेली असली, तर नव्या डॉक्टरांना समोरच्या कॉर्नियाची तुलना दहा वर्षांपूर्वीच्या त्याच कॉर्नियाशी करता येते.